मोटर तिकडे, परीक्षक इकडे : दूरचाचणी आणि विश्वासाचा प्रश्न



इंटरनेटवरून विजेच्या मोटरची चाचणी हा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की हा तर इंजिनियर मंडळींचा प्रांत. तिथे तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचं काय काम? पण आम्ही तत्त्वज्ञानवाले आयुष्यभर एकच प्रश्न चघळत असतो : 'हे तुला कशावरून कळलं?' मोटर इचलकरंजीत आहे, परीक्षक पुण्यात बसला आहे, आणि मोटर ठीक आहे असं तो सही करून सांगतो. कशावरून? त्या सहीवर कारखान्याची पाळी चालू होते, गावाची पाणीपुरवठा योजना चालते, आणि परीक्षक विद्यार्थी असेल तर त्याला पदविका मिळते. तेव्हा हा प्रश्न पोकळ नाही. त्याचा दोनशे वर्षांचा इतिहास आज आपण पाहू.

सुरुवात १८२१ सालापासून करू. आदल्या वर्षी डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवलं होतं, की तारेतून वीज वाहिली की जवळच्या होकायंत्राची सुई हलते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने सप्टेंबर १८२१ मध्ये त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. भांड्यात पारा, पाऱ्यात चुंबक, वरून सैल लोंबणारी तार. वीज सोडली आणि तार चुंबकाभोवती फिरू लागली. मोटरचा जन्म म्हणतात तो हाच. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते फॅरेडेने पुढे केलं ते. त्याने या उपकरणाच्या खिशात मावतील अशा छोट्या प्रती करवून घेतल्या आणि युरोपातल्या विद्वानांना पाठवल्या. 'माझ्या सांगण्यावर जाऊ नका, तुमच्या टेबलावर तार फिरवून बघा.' दूरच्या माणसाची खात्री पटवण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग. पाहणाऱ्याला यंत्राकडे आणता येत नसेल, तर यंत्रच त्याच्याकडे धाडा.

हा मार्ग प्रत्येकाला मोकळा नव्हता. फॅरेडेच्या आधी सुमारे १६० वर्षं रॉबर्ट बॉइल हवेचा पंप घेऊन प्रयोग करत होता. तो पंप इतका महाग, की अख्ख्या युरोपात असे पंप बोटांवर मोजण्याइतके. मग बॉइलने प्रयोगांची वर्णनं इतक्या बारकाव्यांनिशी, फसलेल्या प्रयोगांसकट, लिहिली की वाचणाऱ्याला आपण तिथे उभे होतो असं वाटावं. स्टीव्हन शेपिन आणि सायमन शॅफर या इतिहासकारांनी १९८५ मध्ये यावर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. गैरहजर माणसाला कागदावरून साक्षीदार करण्याच्या या युक्तीला ते आभासी साक्ष म्हणतात. गंमत अशी, की ज्या रॉयल सोसायटीत बॉइल वावरत होता तिचं ब्रीदच मुळी 'कुणाच्या शब्दावर विसंबू नका' या अर्थाचं आहे. आणि तिचं सारं कामकाज तर दूरदूरच्या लोकांनी पाठवलेल्या शब्दांवर चाले! हा पेच तेव्हापासून सुटलेला नाही. इंटरनेटने तो नव्याने समोर आणला, एवढंच.

पुन्हा १८२१ कडे येऊ. फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी याने त्याच वर्षी यंत्राची ताकद मोजण्याचा ब्रेक काढला. फिरणाऱ्या कप्पीला दोन लाकडी ठोकळ्यांनी आवळायचं, ठोकळ्यांना एक लांब दांडा जोडायचा आणि त्याच्या टोकाला वजन लावायचं. कप्पी दांड्याला आपल्याबरोबर ओढू पाहते, वजन त्याला अडवून धरतं. दांड्याची लांबी, वजन आणि फेऱ्यांचा वेग एवढ्यावरून ताकदीचा हिशेब निघतो. लाकूड तापतं, धुरकटतं, त्यावर पाणी ओतत राहावं लागतं. परीक्षक यंत्राच्या अगदी अंगाशी उभा. ही चाचणी पूर्णपणे 'प्रत्यक्ष' वाटते.

पण खरंच तशी आहे का? आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आज आपल्याला यातली तीन पुरतील. इंद्रियांना भिडतं ते प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी असणार, हे अनुमान. आणि विश्वासू माणसाने सांगितलं म्हणून कळलं, तो शब्द. आता प्रोनीच्या ब्रेकशी उभ्या असलेल्या माणसाला दिसतं काय? दांडा, वजन आणि फिरणारी कप्पी. मोटरची ताकद कुणालाच दिसत नाही, ती हिशेबातून निघते. म्हणजे मोटरच्या चाचणीत अनुमान पहिल्या दिवसापासून आहे. पुढची दीडशे वर्षं ते वाढत गेलं आणि हात मागे सरकत गेला.

हात मागे सरकण्याआधी वीज लांब गेली. १८८२ मध्ये मार्सेल देप्रे याने म्युनिकच्या प्रदर्शनासाठी मीसबाखहून ५७ किलोमीटरवरून वीज आणली आणि तिथल्या मोटरने पंप फिरवून एक छोटा कृत्रिम धबधबा चालवला. वीज आणली होती चक्क तारायंत्राच्या तारेतून. निरोपासाठी टाकलेल्या तारेतून ताकद आली! पुढे १८९१ मध्ये लाउफेन ते फ्रँकफर्ट अशी १७५ किलोमीटरवरून तीन फेजची वीज नेली. तज्ज्ञांनी मोजमाप केलं तेव्हा सुमारे ७५ टक्के ताकद शेवटापर्यंत पोचल्याचं दिसलं. आपल्याकडे १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तीही याच वाटेने.

लाउफेनच्या त्या ७५ टक्क्यांकडे जरा थांबून बघा. एका टोकाला किती ताकद आत गेली आणि दुसऱ्या टोकाला किती बाहेर आली, हे दोन्ही कळल्याशिवाय तो आकडा निघत नाही. कुणीही माणूस एका वेळी लाउफेनला आणि फ्रँकफर्टला उभा राहू शकत नाही. म्हणजे एका टोकाचं वाचन दुसऱ्या टोकाला 'शब्द' म्हणूनच पोचणार. दूरचाचणीचं बीज इथे आहे, इंटरनेटच्या शंभर वर्षं आधी.

त्याच सुमारास अनुमानाचीही मोठी झेप झाली. जॉन आणि एडवर्ड हॉपकिन्सन या भावांनी १८८६ मध्ये एक सुरेख युक्ती सांगितली. दोन सारखी यंत्रं एकमेकांना जोडा. एक मोटर म्हणून चालेल, दुसरं जनित्र म्हणून, आणि दुसऱ्याची वीज पहिल्याला परत मिळेल. बाहेरून पुरवायची फक्त मधे वाया जाते तेवढी. म्हणजे ताकद मोजण्याऐवजी वाया गेलेलं मोजा आणि उरलेलं वजाबाकीने काढा. जेम्स स्विनबर्नची पद्धत तर आणखी काटकसरीची : मोटरवर बोजा टाकूच नका, मोकळी फिरवा, तिचे स्वतःचे खर्च मोजा आणि बोजाखाली ती कशी वागेल ते गणिताने सांगा. १८९४ मध्ये अलेक्झांडर हेलंडने इंडक्शन मोटरसाठी वर्तुळाची आकृती दिली. आपल्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलला असलेल्या प्रत्येकाने ती सर्कल डायग्रॅम काढलेली असते. नो-लोड आणि ब्लॉक्ड रोटर एवढ्या दोन टेस्ट घ्यायच्या, एक वर्तुळ काढायचं, आणि जी मोटर पूर्ण बोजाखाली कधी चाललीच नाही तिचं सगळं चरित्र सांगायचं.

यात एक किंमत मोजावी लागते, ती लक्षात ठेवू. हॉपकिन्सनच्या पद्धतीत यंत्रं खरोखर तापतात, ब्रशपाशी ठिणग्या पडत असतील तर दिसतात. स्विनबर्नच्या पद्धतीत मोटर मोकळी फिरते, म्हणून बोजाखाली ती किती तापेल आणि किती ठिणग्या टाकेल हे कळत नाही. अनुमान जितकं सोयीचं, तितकं ते विचारलेल्या प्रश्नापुरतं उत्तर देतं. न विचारलेल्याचं उत्तर जवळ उभ्या माणसाला कधीकधी आयतं मिळून जातं.

विसाव्या शतकात हा माणूस आणखी लांब गेला. लाकडी ठोकळ्यांच्या जागी विजेने कमीजास्त करता येणारे ब्रेक आले. परीक्षक काचेपलीकडच्या टेबलावर बसून बोजा वाढवू लागला. १९७५ मध्ये मोजमापाची यंत्रं संगणकाला जोडण्याचं एक प्रमाण ठरलं. त्यातली सगळी केबल मिळून २० मीटरच्या आत ठेवावी लागे. आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत एक वेगळाच प्रश्न पुढे आला. अणुवीज केंद्रात मोटरवर चालणारे असंख्य व्हॉल्व्ह असतात. त्यांच्यातले कित्येक अशा ठिकाणी, की जिथे माणसाने वारंवार जाणं बरं नाही. मग त्यांची प्रकृती कशी पाहायची? उत्तर असं निघालं, की मोटरकडे जाऊच नका. तिला वीज पुरवणारी तार दूरच्या पॅनेलपर्यंत येतेच. त्या तारेतल्या करंटकडे बारकाईने पाहा. मोटर हीच स्वतःची संवेदक आहे.

हे कसं चालतं ते उदाहरणाने बघू. आपली वीज ५० हर्ट्झची. चार पोलची मोटर असेल तर चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेऱ्या मारतं. रोटर थोडा मागे राहतो, समजा २ टक्के, म्हणजे १४७० फेऱ्या. रोटरमधली एखादी सळई तुटलेली असेल तर त्या मागे राहण्याच्या दुप्पट प्रमाणात करंटला हेलकावा बसतो. ५० च्या दोन्ही बाजूंना, ४८ आणि ५२ हर्ट्झवर, दोन छोटी शिखरं उगवतात. ही शिखरं म्हणजे धूर, आणि तुटलेली सळई म्हणजे अग्नी. नैयायिकाला किती आनंद झाला असता!

पण नैयायिक लगेच विचारेल : जिथे जिथे ही शिखरं, तिथे तिथे तुटलेली सळईच असते का? नाही. मोटरवरचा बोजाच हेलकावे देणारा असेल, दट्ट्याचा कंप्रेसर वगैरे, तर तशीच फसवी शिखरं दिसू शकतात. आणि मोटर अगदी मोकळी फिरत असेल तर रोटर मागे राहतच नाही म्हणाना, मग शिखरं ५० मध्येच विरून जातात आणि तुटलेली सळई लपून राहते. पहिल्या दोषाला न्यायशास्त्रात सव्यभिचार हेतू म्हणतात : खूण अशी, की साध्य असतानाही असते आणि नसतानाही. जवळ उभा असलेला फिटर म्हणतो, 'साहेब, हा कंप्रेसर आहे, हा असाच धडधडतो.' दूरच्या पडद्यावर ते वाक्य कुणी टाकलं नाही, तर चांगली मोटर उघडली जाईल किंवा वाईट मोटर चालू राहील.

आता इंटरनेट. १९९४ मध्ये दोन प्रयोग झाले. केन गोल्डबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात एक यांत्रिक हात वेबला जोडला. कुणीही घरबसल्या हवेच्या झोताने वाळू उडवून आत पुरलेल्या वस्तू शोधाव्यात. त्याच वर्षी वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठानेही एक रोबो असाच खुला केला. १९९५ मध्ये गोल्डबर्गने टेलिगार्डन काढली : दुरून बी पेरायचं, दुरून पाणी घालायचं, अशी बाग. तेव्हा काहींच्या मनात साहजिक शंका आली, की ही बाग खरी आहे, की नुसती चित्रं? २००० साली याच विषयावर त्याने संपादित केलेलं एक पुस्तक आलं, त्यात ह्यूबर्ट ड्रायफस यांच्यासारख्या तत्त्वज्ञांनीही लिहिलं. दुरून मिळालेल्या ज्ञानाच्या मीमांसेला त्यांनी एक वेगळं नावच दिलं. थोडक्यात, आम्हा लोकांना नवं काम मिळालं.

शिक्षणात याचा खरा उपयोग १९९८ पासून दिसू लागला. एमआयटीत हेसूस देल आलामो यांनी ट्रान्झिस्टर तपासण्याचं महागडं यंत्र वेबवर ठेवलं. विद्यार्थी आपल्या खोलीतून मोजणीच्या सूचना पाठवतो, त्या रांगेत लागतात, यंत्र काही सेकंदांत खरी मोजणी करून आकडे परत धाडतं. पुढे नायजेरिया, युगांडा आणि टांझानियातली विद्यापीठंही या जाळ्यात आली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये व्हर्च्युअल लॅब्जचा प्रकल्प सुरू केला, त्यात पुण्याचं सीओईपीही आहे. आयआयटी मुंबईत कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने एका छोट्या पाटीवर तापणारी पट्टी, तापमान मोजणारा संवेदक आणि छोट्या मोटरवर फिरणारा पंखा बसवला आणि अशा पाट्या इंटरनेटला जोडल्या. दूरच्या कॉलेजातला विद्यार्थी आपला प्रोग्राम पाठवतो, आणि पवईतला खरा पंखा खरोखर जोरात किंवा हळू फिरतो.

'खरा' या शब्दावर जोर मुद्दाम देतो आहोत. या प्रयोगशाळांत दोन प्रकार असतात. एकात मोटरचं समीकरण संगणकात भरलेलं असतं, बटण दाबलं की समीकरण उत्तर देतं. दुसऱ्यात कुठेतरी लोखंड-तांब्याची मोटर खरोखर फिरते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतील. पण समीकरणाचं बेअरिंग कधी ढिलं होत नाही, त्याला दुपारी व्होल्टेज कमी मिळत नाही. समीकरण आपल्याला चकित करू शकतं ते फक्त आपल्याच अज्ञानाने. खरी मोटर तिच्या स्वतःच्या कारणांनी चकित करते. २०२० मध्ये महासाथीत कॉलेजं बंद झाली आणि प्रॅक्टिकलं घरबसल्या घ्यावी लागली, तेव्हा हा फरक कित्येकांच्या लक्षात आला. पहिला प्रकार अभ्यासाला उत्तम. पण त्याला चाचणी म्हणू नये.

दुसऱ्या प्रकारात एक व्यावहारिक शहाणपण असतं. इंटरनेटवर निरोप कधी चटकन जातो, कधी रेंगाळतो, कधी पोचतच नाही. मोटरला मात्र जळायला तेवढा वेळ पुरतो. म्हणून जास्त करंट झाला की वीज तोडण्याचं काम दूरच्या परीक्षकाकडे कधीच देत नाहीत. ते मोटरच्या शेजारच्या रिलेकडेच राहतं. तारेवरून जातं ते फक्त 'काय करून बघ' आणि येतं ते 'काय झालं'.

हे कळायला एमआयटीला जायची गरज नाही, आपला शेतकरी ते जाणतो. रात्री-अपरात्री लाईट येते. विहीर शेतात, शेत लांब, वाटेवर साप-विंचू. म्हणून मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारे स्टार्टर आपल्याकडे गावोगाव पोचले. घरात बसून फोन लावला, 'मोटर चालू' असा निरोप आला. पण पाणी पडतंय का? मोटर चालू असणं वेगळं आणि पाणी येणं वेगळं. विहीर आटली असेल तर मोटर कोरडी फिरते, आणि पाण्यानेच थंड राहणारी पाणबुडी मोटर जळते. मग रिवाइंडिंगचा खर्च आणि ऐन हंगामात बुडालेलं पाणी. म्हणून चांगल्या स्टार्टरमध्ये करंटवर नजर असते : पंपाला उचलायला पाणी नसेल तर करंट उतरतो, आणि उतरला की स्टार्टर मोटर बंद करतो. ओक रिजच्या अणुकेंद्राचं अनुमान आणि नगर जिल्ह्यातल्या विहिरीवरचं अनुमान एकाच जातीचं आहे.

आता शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा, शब्दाचा. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने आप्त कुणाला म्हणावं ते सांगितलं आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू. म्हणजे कोण बोलतो याला महत्त्व नाही, त्याला ठाऊक आहे का आणि तो खरं सांगू इच्छितो का, याला आहे. दूरचा संवेदक पहिली अट उत्तम पाळतो, तो मोटरला चिकटलेलाच असतो. दुसरी अट त्याच्या हातात नाही. त्याला इच्छाच नाही. ती असते त्याच्या मागे असणाऱ्या माणसांची.

२०१० मध्ये हे जगाला कळलं. स्टक्सनेट नावाचा संगणकातला विषाणू उघडकीस आला. इराणच्या नतान्झ इथल्या युरेनियम केंद्रातली सेंट्रिफ्यूज यंत्रं हे त्याचं लक्ष्य होतं, असं अभ्यासकांचं मत आहे. ती यंत्रं मोटरवर फिरतात, आणि मोटरचा वेग ठरतो तिला दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर. विषाणू ती फ्रिक्वेन्सी १४१० हर्ट्झपर्यंत चढवी, कधी २ हर्ट्झवर पाडी, आणि मग पुन्हा १०६४ हर्ट्झवर आणी. आणि याहून भयंकर म्हणजे, हे चालू असताना पाहणाऱ्यांना सारं सुरळीत असल्याचे जुने आकडे दाखवले जावेत अशी सोय त्यात होती. विषाणू इंटरनेटवरून थेट आत गेलाच असेल असं नाही, पेन ड्राइव्हची वाटही त्याला पुरेशी होती. पण धडा तोच. मोटर मोडत असते, आणि तिचा साक्षीदार शांतपणे सांगत असतो की सगळं ठीक आहे.

मग करायचं काय? दुरून चाचणी नकोच, असं आम्ही म्हणणार नाही. एकच महाग यंत्र असलेल्या देशात शंभर कॉलेजांच्या मुलांना तेवढंच दार उघडं आहे. शेतकऱ्याला अंधारात विहिरीवर जा म्हणणं सोपं आहे, जाणं नाही. उपाय न्यायालयात आधीपासून आहे : उलटतपासणी. साक्षीदाराला असा प्रश्न विचारा, जो त्याला आधी ठाऊक असणं शक्य नाही. २००९ मध्ये यिलिन मो आणि ब्रुनो सिनोपोली या अभियंत्यांनी नेमकं हेच सुचवलं. यंत्राला नेहमीच्या आज्ञेबरोबर एक छोटा, स्वैर, आधी न ठरवलेला धक्का द्या. मोटर खरी असेल, ताजी असेल, तर त्या धक्क्याचा ठसा तिच्या उत्तरात उमटेल. जुनं रेकॉर्डिंग वाजत असेल तर उमटणार नाही. स्टक्सनेटची मोठी चर्चा व्हायच्या आधीची ही सूचना आहे.

विद्यार्थ्यांनाही हेच शिकवायला हवं. दूरच्या प्रयोगशाळेत आकडे उतरवून घेणं म्हणजे प्रॅक्टिकल नाही. बोजा एकदम बदला, त्याच वाचनासाठी पुन्हा जा, दोन वेगळ्या वाटांनी एकच गोष्ट काढा आणि त्या जुळतात का ते पाहा. जुळल्या नाहीत तर तिथल्या माणसाला फोन करा. कारण दूरच्या टोकाला माणूस हवाच : ज्याला नाव आहे, जो मोटरवर हात ठेवून सांगेल की कोमट आहे की चटका बसतो, जो स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून ऐकेल, आणि जो आपल्या सांगण्याची जबाबदारी घेईल. अहवालावर परीक्षकाच्या सहीशेजारी त्याचीही सही असावी.

फॅरेडेने आपली मोटर डबीत घालून पाठवली, कारण दूरच्या माणसाला ती स्वतः फिरवून बघता यावी. आज आपण डबी पाठवत नाही, आकडे पाठवतो. तेव्हा त्या आकड्यांनाही फिरवून, उलटसुलट करून बघण्याचा हक्क दूरच्या माणसाला असला पाहिजे, आणि तो हक्क बजावण्याची सवयही. प्रश्न कुणाला असतील तर जरूर विचारा. आमचीही उलटतपासणी व्हायला हवी.